रामदासच्या बोटाचं खरं काय झालं

मी मोटारसायकलचा डबल स्टँड बोलतोय, आणि आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेलो आहे. गोड काही ऐकायचं असेल तर आरशांकडे जा. ते दिवसभर चेहरे बघतात, त्यांना जग छान वाटतं. मला दिसतात त्या चपला, सांडलेलं ऑइल आणि माणसांची घाई.

माझा जन्म एका कारखान्यातला. लोखंडाची नळी वाकवली, दोन पाय केले, माणसाला टाच देता यावी म्हणून बाजूला एक दांडा वेल्ड केला, वरून काळा रंग मारला. काम एकच. गाडी दोन पायांवर पेलायची आणि मागचं चाक जमिनीपासून वर धरायचं. का वर धरायचं? माणसाला ते हातानं फिरवता यावं, चेन साफ करता यावी, तेल सोडता यावं, टायरमध्ये खिळा घुसलाय का ते बघता यावं. हातानं. इंजिननं नव्हे. एवढी साधी गोष्ट आहे, पण माणसांच्या डोक्यात शिरत नाही.

माझा एक भाऊ आहे, साइड स्टँड. पायाच्या अंगठ्यानं ढकलला की बाहेर, अंगठ्यानं ओढला की आत. कोपऱ्यावर, सिग्नलजवळ, दुकानापुढं, जिथं तिथं त्यालाच बोलावतात. मला लावायचं म्हणजे जरा कंबर वाकवावी लागते, दम लावावा लागतो, म्हणून मी नकोसा. माझ्या पिनेला ग्रीस लावायचंसुद्धा लोकांच्या जिवावर येतं. मग मी कुरकुरलो की म्हणतात, "ह्या स्टँडला काय झालंय कळत नाही."

हे मी सगळ्या माणसांबद्दल बोलतोय. रामदास तसा नव्हता, निदान सुरुवातीला नव्हता, आणि म्हणूनच माझा त्याच्यावर जास्त राग आहे.

रामदास फोर्टमधल्या एका जुन्या ऑफिस बिल्डिंगमध्ये लिफ्टमन होता. जाळीच्या दाराची लिफ्ट. तेरा-चौदा वर्षांपूर्वी त्यानं ही शंभर सीसीची गाडी घेतली आणि नायगावच्या चाळीपुढच्या पटांगणात आणून उभी केली, माझ्यावर. एक रविवार सोडून एक रविवार तो खाली यायचा. गाडी सपाट जागेवर, माझ्या दोन्ही पायांवर. सायलेन्सर गार झालाय का, हे हात जवळ नेऊन बघायचा. टायर दाबायचा, ऑइलची पातळी बघायचा, ब्रेकच्या पॅडलला किती मोकळीक आहे ते पायानं तपासायचा. मग डाव्या हातानं चाक सावकाश फिरवत उजव्या हातात ब्रश धरून चेनची एकेक कडी घासायचा, कोरडी करायचा, थेंबथेंब तेल सोडायचा आणि जास्तीचं तेल पुसून घ्यायचा, नाहीतर ते टायरवर उडतं आणि वळणावर गाडी घसरते.

चाळीतले लोक आपापल्या गाड्या घेऊन त्याच्याभोवती जमायचे. तो सगळ्यांना एकच पाठ द्यायचा. "आधी इंजिन बंद. मग किल्ली काढ. किल्ली खिशात टाक. मग हात चेनला." कुणी हसलं की तो दटावायचा, "हसतोस काय? खिशात म्हणजे खिशात. लावून ठेवायची नाय." मला त्याचा अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू?

तरी एक चूक त्यानं पहिल्याच वर्षी करून ठेवली होती. चेनवर कंपनीचं पत्र्याचं कव्हर होतं. ते खडखडायला लागलं, तर स्क्रू घट्ट करायचे सोडून ह्यानं ते काढलं आणि माळ्यावर टाकून दिलं.

मग दहा वर्षांपूर्वीचा तो रविवार आला. त्याची बायको कांता मुलीला घेऊन माणगावला माहेरी गेली होती. रामदासला चार वाजता दादरला एका लग्नाला जायचं होतं, कपडे इस्त्री करून तयार होते आणि चेन कोरडी पडून आवाज करत होती. पटांगणात चिटपाखरू नव्हतं, सगळे टीव्हीवर मॅच बघत होते. दोन मिनिटांचं काम, असं म्हणून त्यानं इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला आणि फिरत्या चेनवर फडकं धरलं.

चेननं फडकं ओढलं. फडक्यात गुंडाळलेलं बोट त्याच्याबरोबर गेलं. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं वरचं पेर.

तो ओरडला नाही. दात आवळून किल्ली फिरवली, हाताला रुमाल गुंडाळला आणि टॅक्सी पकडून हॉस्पिटलात गेला. दिवे लागायच्या सुमाराला परत आला आणि पहिलं काम काय केलं असेल? बादलीभर पाणी आणून माझ्यावरचं रक्त धुतलं. तेवढ्यात शेजारचे शामराव खाली आले. "काय रे, हाताला काय झालं?"

"ओव्हरटाइमला बोलावलं होतं. लिफ्टच्या दारात सापडलं," रामदास म्हणाला.

आणि कामावर काय सांगितलं? घरी लोखंडी कपाटाच्या दारात सापडलं! एका सोबत्याला मागं बसवून आणत होता, तेव्हा ते माझ्या कानांवर आलं. माझ्या अंगाची लाही झाली. अख्ख्या चाळीला शिकवणाऱ्या माणसाला स्वतःची चूक सांगायची लाज वाटली, म्हणून त्यानं बिचाऱ्या लिफ्टवर आळ घेतला. लिफ्ट कशाला भांडायला येतेय?

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण त्यानंतर चाळीतली पोरं त्याच्या डोळ्यांदेखत इंजिन चालू ठेवून चेनी पुसायला लागली, आणि हा न बघितल्यासारखं करून नळावर निघून जायचा. कुणाला टोकावं, तर तो विचारणार, काका, तुम्हाला कसं ठाऊक? म्हणून पाठ द्यायचाच बंद केला. ज्यानं बोट गमावलं त्यानंच तोंड शिवून घेतलं. ह्याला काय म्हणावं?

पुढं चाळ पाडायला घेतली. आम्हाला तात्पुरती म्हणून एका टॉवरात अकराव्या मजल्यावर खोली मिळाली आणि मला खालच्या पार्किंगमध्ये, लिफ्टच्या दारासमोर, खांबाजवळची जागा. रामदास रिटायर झाला आणि गाडी मुलीकडे, संघमित्राकडे गेली.

संघमित्रा तेवीस वर्षांची, कॅरम खेळते. वेळ घालवायला नव्हे, स्पर्धांमध्ये. परळच्या हॉलमध्ये रोज चार तास सराव. तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला घरात राजाचा मान आहे. कांता तिला विळीवर बसू देत नाही, गरम तव्याजवळ जाऊ देत नाही. येत्या मंगळवारी एका कंपनीच्या टीमसाठी सिलेक्शन आहे. नाव लागलं तर नोकरी लागते, कायमची. त्या घरात सध्या दुसरा विषय नाही.

तर आज सकाळचं सांगतो. आज रविवार.

"पप्पा, आज मी करते. तुम्ही फक्त बसून सांगा," ती म्हणाली. रामदास प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसला. तिनं माझ्या दांड्यावर टाच ठेवली, हँडल सरळ धरलं, वजन टाकलं आणि एका दमात गाडी माझ्यावर चढवली. किल्ली काढून खिशात टाकली. लहानपणी पटांगणात बापाचं ऐकलेलं तिच्या लक्षात होतं. टायर बघितले, ऑइल बघितलं, चाक हातानं फिरवत चेन घासायला बसली. मी खूश होतो.

तेवढ्यात नवव्या मजल्यावरचा अभय आला, हातात हेल्मेट. "काय गं, एकेक कडी घासतेस? आज दिवसभर हेच करणारेस काय? गाडी स्टार्ट कर, फर्स्टला टाक, फडकं धर. चेन आपोआप क्लीन होते. दोन मिनिटं. रीलमध्ये सगळे असंच करतात."

"पप्पा इंजिन बंद ठेवायला सांगायचे."

"अगं, ते जुनं झालं आता. काका, तुम्हीच सांगा. असं करताना कधी कुणाला काय झालंय?"

संघमित्रानं बापाकडे बघितलं. "चालेल ना, पप्पा?"

आता बोल, मी मनात म्हणत होतो. आता तरी बोल बाबा, तुझ्या पोरीचं बोट आहे. रामदासनं डावा हात मांडीखाली सरकवला. घसा खाकरला. म्हणाला, "सांभाळून केलंस तर काही होत नाही."

सांभाळून! ह्या शब्दाची मला किळस आहे. चेनला सांभाळणं कळतं का? चाक पहिल्या गिअरमध्ये फिरत असतं तेव्हा फडक्याचा एक दोरा अडकायचा अवकाश, चेन दातेरी चक्रावर चढते आणि दाताखाली आलेलं सगळं घेऊन जाते. बोट मागं घ्यावं, हे माणसाला सुचेपर्यंत ते गेलेलं असतं. आणि हे पृथ्वीवर कुणाला ठाऊक असेल, तर ते स्टुलावर बसलेल्या ह्या माणसाला ठाऊक होतं. एका शेजारच्या पोरासमोर आपली पत जाईल, म्हणून तो मुलीला फिरत्या चेनकडे पाठवत होता. मला पाय असून लाथ मारता येत नाही, ह्याचं दुःख मला इतकं कधी झालं नव्हतं.

तिनं किल्ली लावली. इंजिन चालू. पहिला गिअर. मागचं चाक माझ्या जिवावर हवेत भन्नाट फिरायला लागलं, बंद पार्किंगमध्ये धूर साचायला लागला. तिनं जुन्या बनियनचा एक तुकडा घेतला आणि कडेला चिमटीत धरून चेनला लावला. क्षणात तो तिच्या हातातून गेला, चक्रात शिरला आणि चिंध्या होऊन पलीकडे पडला.

दोघं हसले! अभय म्हणाला, "लूज धरलंस ना. टाइट पकड."

संघमित्रानं दुसरा तुकडा उचलला आणि सुटू नये म्हणून उजव्या हाताच्या पहिल्या बोटाभोवती दोन वेढे देऊन गुंडाळला. मग ती खाली वाकली.

स्टूल आडवं झालं. रामदास दोन ढांगांत आला आणि त्यानं किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं, गाडीला एक झटका बसला आणि चाक जागच्या जागी थांबलं. तिचं बोट चेनपासून वीतभर लांब होतं.

रामदासनं डावा हात तिच्या तोंडासमोर धरला. "हे लिफ्टनं नाही घेतलं. हिनं घेतलं, ह्या चेननं. असंच फडकं होतं, असंच गुंडाळलेलं. मी सगळ्यांना खोटं सांगितलं."

अभयनं हेल्मेट जमिनीवर ठेवलं आणि तो चक्राच्या दातांकडे बघत राहिला.

संघमित्रानं बोटाचे वेढे सोडवले. "पप्पा, मघाशी मी तुम्हाला विचारलं होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, सांभाळून केलंस तर काही होत नाही."

"चूक झाली, पोरी. लाज वाटली अभयसमोर."

"मंगळवारी माझं सिलेक्शन आहे, पप्पा," ती म्हणाली आणि रडायला लागली. काय होणार होतं ते तिला आत्ता समजलं होतं.

आणि त्यांच्या मागं कांता उभी होती. बाजारातून आली होती, दोन्ही हातांत पिशव्या, आणि तिनं सगळं ऐकलं होतं. आता हे ऐका. ह्या टॉवरात आल्यापासून कांतानं लिफ्टमध्ये पाऊल ठेवलेलं नाही. नवऱ्याचं बोट खाणाऱ्या वस्तूत मी शिरणार नाही, असं तिनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं. अकरा मजले चढते, अकरा उतरते, गुडघ्यांना पट्टे बांधून. बिल्डिंगमधल्या बायका तिला हसतात. मुलीनं हजारदा समजावलं. आणि तीस वर्षं लिफ्ट चालवलेला हा माणूस तिला एकदाही म्हणाला नाही, की कांता, चल, काही होत नाही.

"आपल्याला इथं येऊन किती महिने झाले?" कांतानं विचारलं.

"चौदा," रामदास म्हणाला.

"रोज दोनदा चढले मी. तुमच्या डोळ्यांसमोर." तिचा आवाज चढला नव्हता, पण रामदासनं मान खाली घातली. कांतानं मुलीचा उजवा हात घेतला, पाची बोटं एकेक करून चाचपून बघितली आणि सोडला. मग दोन्ही पिशव्या नवऱ्याच्या हातात दिल्या. एकीत पाच किलो तांदूळ होते. "मी लिफ्टनं जाते. तुम्ही जिन्यानं या."

तिनं बटण दाबलं. दार उघडलं तेव्हा ती जराशी अडखळली, चौकटीला हात लावून बघितला आणि आत गेली. दार मिटलं. रामदास पिशव्या घेऊन जिन्याकडे वळला.

आत्ता मी त्याच खांबाजवळ उभा आहे. किल्ली संघमित्राच्या खिशात आहे. ती हातानं चाक फिरवते आहे आणि अभय ब्रशनं एकेक कडी घासतो आहे. मंगळवारचं मंगळवारी बघू. तिची दहाही बोटं जागेवर आहेत, एवढं मी सांगू शकतो.

तुमच्याही गाडीखाली माझा एखादा भाईबंद असेल, पिनेला गंज चढलेला. त्याला थोडं ग्रीस लावा. तो चाक वर धरतो ते तुमच्या हातासाठी धरतो, म्हणून इंजिन बंद करा, किल्ली खिशात टाका आणि मगच चेनजवळ जा. आणि घाईघाईत एखादं पेर गेलंच असेल, तर ते कुठं गेलं हे घरी खरंखरं सांगा. तुमच्या लाजेपायी पोरीच्या बोटावर संकट आणू नका.

रामदास आता सहाव्या मजल्यावर पोचला असेल. तिथं थांबून दम खात असेल. मला त्याची अजिबात दया येत नाही.