अधांतरी खुंटा

पर्यवेक्षकाने घळीच्या तळाशी पडलेला लोखंडी खुंटा उचलला आणि आपल्या वहिनीच्या शेतात बराच वर नेऊन ठोकायला घेतला. एवढ्या खटपटीतून त्याला मिळणार होतं ते असं: मृदसंधारण प्रकल्पाला दुसरा टप्पा, स्वतःला बढती आणि बसायला सावलीतली खुर्ची. द्यायचा होता तो फक्त घाम.

दर वर्षी प्रकल्पातल्या प्रत्येक शेतात खुंट्यापाशी उभं राहून एकाच दिशेचा फोटो काढायचा आणि जमीन सुधारली की नाही ते ठरवायचं, अशी तपासणीची पद्धत. पण त्याने वरचा बांध उताराला आडवा घालण्याऐवजी तिरका घातला होता. तो फुटला, पाणी वहिनीच्या शेतात घुसलं, आणि जिथे खुंटा होता तिथे आता घळ होती. नव्या जागेवरून मात्र नुसतं गवत दिसे.

“भाऊजी, शेत खाल्लंत, आता खुंटाही पळवता? घळ विहिरीशी आलीय!”

“वहिनी, आजचा दिवस गप्प बसा. दुसऱ्या टप्प्यात बुजवून देतो.”

“पहिल्यात पाडून दिलीत, तशी?”

तपासणीच्या बाई आल्या. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला तोच वहिनीने खुंटा हिसडून उपटला, घळीच्या काठावर जाऊन हात लांब केला आणि तो हवेत धरला. खाली पुरुषभर खोल खड्डा.

“खरी जागा ही. या, राहा उभ्या!”

“डोकं फिरलंय हिचं,” पर्यवेक्षक पुटपुटला.

“तुमचा बांध फिरलाय!”

बाईंनी हातातल्या यंत्रावर जुनी जागा पडताळली, वाकून खाली पाहिलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

“याला सुधारणा म्हणता? लाज वाटत नाही?”

पर्यवेक्षकाची मान खाली गेली. वहिनीने पदराने तोंड पुसलं.

“मग लिहाल ना, घळ पडली म्हणून?”

बाई अडखळल्या. “उभं राहायला जागाच उरली नाही, ताई. अशी जागा नियमाने बाद होते.”

“बाद म्हणजे?”

“मोजणीत धरत नाहीत.”

पर्यवेक्षकाची मान हळूहळू वर आली.

सगळ्यात वाईट जागा गळल्यावर उरलेल्या शेतांची सरासरी चांगलीच सुधारली. प्रकल्पाला टप्पा मिळाला, दिराला खुर्ची. बाईंच्या अहवालात एक अक्षर खोटं नव्हतं. मोजणीत नसलेल्या शेताला नव्या टप्प्यात काम मंजूर होत नाही, म्हणून घळ तशीच राहिली. या सगळ्याची किंमत वहिनीने एकटीने दिली: आधी शेत, आणि पुढच्या पावसात विहीर.