पाठ केलेलं पान

उजव्या कानातल्या इअरफोनचं रबर सैल झालं होतं, त्यामुळे बस खड्ड्यात आदळली की मम्मीचा आवाज मध्येच गळून पडायचा आणि रोशनीला पुन्हा मागे जावं लागायचं — 'त्या वेळी नगराबाहेर...' पुन्हा, 'त्या वेळी नगराबाहेर...' क्लासचं दिलसुखनगर येईपर्यंत अर्धं पान तरी तोंडात बसायला हवं होतं. मम्मी वाचते मात्र फक्कड. देगलूरकडची, सातवी शिकलेली बाई, पण ग्रंथ हातात आला की तिचा आवाज ओळखू येत नाही, कुठे अडखळणं नाही, कुणाला भिणं नाही. मध्येच कुकरची शिट्टी. रोशनीला आता ती शिट्टीही पाठ झाली होती, तिथे ती आपोआप थांबायची.

आज आश्विनी पौर्णिमा, वर्षावासाचा शेवट. पावसाळ्याचे तीन महिने गौलीगुड्याच्या विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथ वाचायचा, घराघराने पाळी घ्यायची, ही जुनी रीत. यंदा धम्मानंदकाकांनी, विहारात ज्यांचा शब्द चालतो त्या धम्मानंदकाकांनी, काढलं की शेवटच्या दिवशी आयाबाया नकोत, शिकलेल्या पोरांनी वाचायचं. शिकलेली पोरं! कुणी सॉफ्टवेअरमध्ये, कुणी बँकेत, रोशनी एम.ए. इंग्लिश करून लेक्चररच्या परीक्षेचा क्लास लावलेली — आणि यातल्या एकालाही मराठीचं पान सरळ वाचता येत नाही. मग काय, घराघरात आयांनी पान वाचलं, पोरांनी फोनवर रेकॉर्ड केलं आणि घोकायला घेतलं. समोर ग्रंथ उघडा ठेवायचा आणि तोंडाने पाठ म्हणायचं. परवाच्या तालमीत काकांचा नातू अनिरुद्ध डोळे पुस्तकात घालून छान लयीत म्हणत गेला आणि त्याच लयीत म्हणाला, "थांब रे, गॅस बंद करते." बाया पदर तोंडाला लावून हसल्या. काका हसले नाहीत. म्हणाले, आवाज चांगला आहे पोराचा.

रोशनीही हसली होती. घरी आल्यावर मात्र ते हसणं तिला बोचायला लागलं. ज्यांच्या पणज्यांना अक्षराजवळ उभं राहू दिलं नाही, त्यांची ही पतवंडं — कानाने ऐकून तोंडाने ओकणारी. घोकंपट्टी ज्यांची मिरासदारी होती त्यांना आपण इतक्या शिव्या दिल्या, आणि आता...

क्लासमध्ये सर नोट्स सांगत होते. तिने इंग्रजीत उतरवून घेतलं, हात आपोआप चालतो. इंग्रजी ती केजीत शिकली. शहरच तेलुगू, म्हणून शाळेनं ती भाषाही सक्तीनं शिकवली. हिंदी तीन वर्षं होती, पण त्या टीचर परीक्षेआधी उत्तरं फळ्यावर लिहून द्यायच्या आणि सगळा वर्ग ती रांगोळी उतरवावी तशी उतरवायचा, त्यामुळे नागरी अक्षरं तिला चेहऱ्याने ओळखीची आहेत, नावाने नाहीत. दोन अक्षरं एकात एक घुसली की संपलंच. प्रत्येक अर्जावर मातृभाषा मराठी. त्या मातृभाषेतली एक ओळ वाचून दाखव, असं तिला आजवर कुणीही म्हटलेलं नाही.

आणि घरात? पप्पा, म्हणजे देवराव, ऑफिसातून आले की 'सिट प्रॉपरली, ईट प्रॉपरली' करायचे. मम्मी बोलायचीच नाही. रोशनीला लहानपणीची मम्मी आठवते ती हातांची. हात पाण्याकडे बोट दाखवतो, हात बुटांकडे, हात अंथरुणाकडे. शेजारची मीना तिच्या आईच्या मांडीवर बसून तेलुगूत तासन्‌तास बडबडायची आणि मी दारात उभी राहून बघायची... आपली आई आपल्यावर रुसलेली आहे, एवढंच तेव्हा कळायचं. पुढे वय वाढलं, मम्मी थोडंफार बोलायला लागली, पण ते रुसणं रोशनीच्या आत तसंच घट्ट बसलं. विहारात घसा मोकळा सोडून वाचणारी ही बाई, हिला माझ्यापुरताच आवाज नव्हता.

नल्लकुंट्याला घरी आली तेव्हा मम्मी पांढऱ्या साडीला इस्त्री करत होती.

"झालं का पाठ?" मम्मीनं विचारलं.

"झालं. कुकरसकट झालं." आणि मग ते आलंच तोंडाला, थांबवता आलं नाही. "एवढं वाचतेस तर मला का नाही शिकवलंस? शिकवायचं राहू दे, बोलायचीसुद्धा नाहीस. काय केलं होतं मी?"

मम्मीची इस्त्री पदरावर थांबली, मग तिनं ती उचलून उभी ठेवली.

"तुझ्या शाळेची मॅडम बोलली होती. गेटवरच. घरात मराठी बोलताव म्हणून पोरगी मागं पडायली म्हणली. आजपासून इंग्लिश बोला, नाही तर बोलूच नका."

"मग?"

"मला कुठं येतंय इंग्लिश? म्हणून नाही बोलले."

एवढंच. तक्रार नाही, रडं नाही. भाजीत मीठ कमी पडल्याचं सांगावं तसं. "तू मागं पडायला नको होतीस ना," ती म्हणाली आणि पदराची दुसरी बाजू अंथरली.

रोशनीला ओरडायचं होतं. त्या मॅडमवर — पण तिचा चेहराही आठवत नाही. पप्पांवर — पण ते सगळ्या वस्तीत सांगत फिरले होते, माझी पोरगी इंग्लिश मीडियमला आहे, आणि तेव्हा त्यांची छाती काय फुलायची. मम्मीवर? कशाबद्दल? लेकराशी बोलायला जीव आसुसलेला असताना ओठ मिटून स्वयंपाक करत राहिल्याबद्दल? इतकी वर्षं हा राग सांभाळला, आणि आता तो कुणाच्या दारात टाकायचा तेच कळेना.

विहारात गर्दी होती. मेणबत्त्या, फुलं, खरखरणारा माईक. नाव पुकारलं तशी ती उठली, जय भीम म्हणाली, उघड्या ग्रंथासमोर उभी राहिली. दुसऱ्या रांगेत मम्मी, ओठ आधीच हलायला लागलेले.

'त्या वेळी नगराबाहेर' — सुरू झालं. तोंड पुढे, डोळे मागे. दोन ओळी तशाच वाहून गेल्या, कुणीतरी मान डोलावली. रोशनी थांबली. पाठ केलेलं सगळं जिभेवर तयार होतं, ते तिनं गिळलं आणि पानावर बोट ठेवलं.

"भि," ती म्हणाली. बोट पुढच्या अक्षरावर सरकलं आणि तिथंच अडलं. मागून एका बाईनं हळूच सुचवलं, 'भिक्खू', मग दुसरीनं, जरा मोठ्यानं. काकांनी घसा खाकरला. अनिरुद्ध जमिनीकडे बघत होता. मम्मीचे ओठ थांबले होते. मम्मीला लाज वाटली, की पोरगी आता खरंच वाचतेय हे तिला कळलं... काही सांगता येत नव्हतं. ती मात्र सुचवत नव्हती. एकटी तीच सुचवत नव्हती.

पुढचं अक्षर जोडाक्षर होतं. एकाच्या पोटात दुसरं. रोशनी त्याच्याकडे बघत राहिली. अख्खा विहार खोळंबला होता. खोळंबू दे, तिला वाटलं, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा तिला पुढे जायची घाई नव्हती.