पाठमोरा घास

दारात गाय यायची बंद झाली, तेव्हापासून माझ्या दुपारच्या जेवणाचा ताल बिघडला.

आमच्याकडे नेम आहे. दुपारी ताट वाढलं की पहिला घास मुक्या जिवाच्या तोंडी आपल्या हातानं घालायचा, मग आपण जेवायचं. सासूबाईंनी लग्नाच्या वर्षी तो मला दिला आणि मी धरला. अवघड कधी वाटला नाही, कारण तुळजाबाईची तांबडी गाय जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीतून फिरत बरोबर उंबऱ्याशी यायची. पोळीवर गुळाचा खडा ठेवून हात पुढं केला की तिची खरखरीत जीभ तळव्यावरून फिरायची. मी तिच्याशी चार शब्द बोलायची. आमचे हे आतून म्हणायचे, "गायीला केवढं बोलतेस. मला नुसतं 'वाढलंय'. मीही मुकाच आहे या घरात."

मागच्या वर्षी हे गेले. यंदा तुळजाबाईच्या मुलानं, अंगदनं, गाई परतूरकडच्या शेतावर न्यायचं ठरवलं.

"काय करू वैनी," तुळजाबाई उंबऱ्यावर बसून सांगत होती, "गल्लीत सगळं सिमिट झालं. गाडीवाले काय गाय बघून चालवून राह्यलेत? परवा एका रिक्षानं तिच्या खुरावर चाक घातल्तं. मंग अंगद म्हणला, बास झालं आता."

मी शेवटचा घास दिला. टेम्पोत चढताना तांबडी मागं वळून बघेल असं मला वाटलं होतं. तिचं सगळं लक्ष कडब्यात होतं.

त्यानंतर मी काय काय करून पाहिलं. गल्लीतल्या कुत्र्याला पोळी दिली, तर दुसऱ्या दिवशी चार आले आणि दारातच एकमेकांवर तुटून पडले. मांजर यायचं, पण त्याच्या मर्जीनं. दूध असलं तर, नाहीतर नुसतं बघून जायचं. कावळा हातातून घेत नाही, आणि कावळ्याला घास ठेवला की मला दहावा आठवतो. शेजारची मोनाली भल्या मनाची. स्कूटीवरून मला थोडे दिवस गोशाळेत नेलं तिनं. पण तिचं घर, तिची शाळेत जाणारी पोरं. रोज कोण कोणासाठी धावणार. कधी कधी तर दिवे लागेपर्यंत माझं ताट तसंच झाकलेलं असायचं.

गुरुजी म्हणाले, उद्यापन करा, शास्त्राला मान्य आहे. पुण्याहून निखिलही तेच म्हणाला, "आई, उद्यापन करून टाक. सुटशील."

सुटेन, हे खरं होतं. पण एकट्या बाईला काय लागतं? मूठभर पोहे भिजवले तरी दिवस निघतो. नेम होता म्हणून मी कणीक भिजवत होते, तवा चढवत होते, वरणाला फोडणी देत होते. तो सुटला की स्वयंपाकघरही सुटणार, आणि मग दुपारी या घरात करायचं काय, ते मला सांगता आलं नसतं. निखिलला हे बोलले नाही. बोलले असते तर तो रजा टाकून आला असता, दोन दिवस माझ्याकडे बघत बसला असता आणि परत गेला असता.

नातीनं तोडगा काढला. स्वरा फोनवर दिसत होती, मागं तिचा अभ्यास पसरलेला. "आजी, ससा पाळ. तो भुंकत नाही. तुझा जप मोडणार नाही."

"चावतो का गं?"

"आजी, ससा आहे तो."

म्हणून मोनालीनं मला कुंडलिकेच्या पुलावरून नव्या जालन्यात नेलं. रंगीत मासे, लव्हबर्ड आणि खाली जाळीच्या पिंजऱ्यात पांढरे ससे, असं दुकान. दुकानदार बबलू म्हणून होता. त्यानं एक पिल्लू उचललं, माझ्या हातात कोथिंबिरीची काडी दिली आणि पिल्लू समोर धरलं. पिल्लानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कुर्रकुर्र करत काडी संपवली आणि माझं बोट हुंगलं. ओलं, थंडगार नाक. किती दिवसांनी माझ्या हातातून कोणी काही घेतलं होतं.

"बिलकुल गरीब जीव आहे, मावशी," बबलू म्हणाला. "कोणाच्याबी हातावर खातो. फक्त जोडी घ्या. एकटा ठेवला तर झुरतो."

"आणि जोडीचे वीस झाले की?" मोनालीनं विचारलं.

"मंग तुम्हीबी दुकान टाका, ताई. समोर गाळा रिकामाच आहे."

मी हसले. मग विचारलं, "मोठे झाल्यावर कोण घेतं रे यांना?"

"कोणी न्हाई. पोरगं हट्ट करतं म्हणून नेत्यात, परीक्षा आली की परत आणत्यात. मी काय करू? मी मोठा घेत न्हाई."

माझं काम त्या पांढऱ्या पिल्लानं झालं असतं. मी तसं म्हणणारही होते. पण जीव आणायचा म्हणजे भाजी आणल्यासारखं नाही. एक रात्र देवापुढं बोलून घेते म्हटलं आणि बबलूला सांगितलं, उद्या कळवते.

पुलावर मोनालीनं गाडी हळू केली. "काकू, माझी नणंद अर्पिता आहे ना, जनावरांच्या दवाखान्यात काम करते ती. तिच्याकडं एक ससा येऊन पडलाय. अंकुशनगरच्या क्वार्टरमधून. घर सोडून गेले लोक, हा गॅलरीत पिंजऱ्यातच राहिला. शेजाऱ्यांना वास आल्यावर कळलं. बघून तर घ्या. फुकटचा चहा मिळेल."

अर्पिताच्या घरात तीन पायांचं एक कुत्रं होतं, एक आंधळं मांजर होतं आणि सगळ्यांचा मिळून गलका. ससा पलंगाखाली होता. मातकट रंग, एक कान मधूनच वाकलेला. तोंड भिंतीकडे. आम्ही वाकून बघितलं तरी वळला नाही. नुसती पाठ दिसत होती आणि ती पाठ श्वासागणिक हलत होती.

हे शेवटी शेवटी असेच भिंतीकडे तोंड करून बसायचे.

"याचं नाव काय?" मी विचारलं.

"आधीचे लोक काय हाक मारायचे, कोणाला माहीत," अर्पिता म्हणाली. "काकू, मोनालीनं मला तुमच्या नेमाचं सांगितलंय, म्हणून स्पष्ट सांगते. हा हातावर खात नाही. कोणी बघत असलं तर तोंडसुद्धा लावत नाही. कुत्र्याच्या आवाजानं तर अजूनच आखडतो. याला शांत घर पाहिजे. पण तुमच्या कामाला हा यायचा नाही."

"मग दुकानातलाच बरा," मोनाली म्हणाली.

"बराच. तुमचं जेवण तरी होईल."

मी खाली बसूनच होते. गुडघे दुखत होते, तरी उठावंसं वाटेना. "माझं घर शांत आहे," मी म्हणाले. "नको तेवढं."

अर्पितानं ससा टोपलीत घालून दिला. "बघा ठेवून. नाही जमलं तर परत आणा, मी रागावणार नाही. गूळपोळी मात्र चुकूनही देऊ नका. मेथी, कोथिंबीर, गवत. आणि एक ध्यानात ठेवा, ससा फार वेळ उपाशी राहिला की त्याचं पोटच थांबतं, मग वाचवणं कठीण. उद्या सकाळपर्यंत त्यानं काही खाल्लं पाहिजे. नाहीतर लगेच फोन करा."

रात्री मी देवापुढं दोघांचंही सांगितलं, पांढऱ्याचं आणि मातकटाचं. देव ऐकून घेतो. मेथीची काडी ठेवली होती ती सकाळीही तशीच होती, देठाशी सुकलेली. मी अर्पिताला फोन केला. ती येऊन त्याला तपासून गेली, पिचकारीनं थोडं औषध पाजलं. म्हणाली, "आजचा दिवस बघू. संध्याकाळपर्यंत नाही खाल्लं तर मी घेऊन जाते. मग तुम्ही दुकानातला आणा, काकू. मनाला लावून घेऊ नका."

दुपारी मी नेहमीसारखं ताट वाढलं. ससा धान्याच्या कोठीमागं, कोपऱ्यात. मी निवडलेली मेथी तळव्यावर घेऊन हात पुढं केला. त्यानं मागचा पाय जमिनीवर आपटला. एवढ्याशा जिवाचा केवढा तो आवाज. मी हात तसाच धरून बसले. तांबडीला बोलायची तसं बोलून पाहिलं. नामही घेतलं. त्याचे कान नुसते मागं मागं गेले. थोडं अजून सरकवलं तर त्यानं बोटाला दात लावला. रक्त नाही आलं, पण मला समजलं.

ताटावर ताट झाकलं.

भिंतीपलीकडून मोनालीनं विचारलं, "काकू, झालं का जेवण?"

"नाही गं."

"अहो, तो पांढरा आणला असता तर एव्हाना हात धुऊन आडव्या झाला असतात. नेम गायीचा होता. यांच्यात कुठं तेहतीस कोटी देव असतात?"

"एखादा असेल," मी म्हणाले. ती हसली. मला हसू आलं नाही.

मग निखिलचा फोन. "आई, जेवलीस?"

"याला मेथी आवडत नाही वाटतं."

"मी सशाचं विचारत नाहीये."

खोटं बोलत नाही, म्हणून गप्प राहायची सवय मला फार जुनी. तिकडून निखिलनं श्वास सोडलेला ऐकू आला. "आई, तुला सोबत म्हणून ससा सांगितला होता. तुझ्याबरोबर उपाशी राहायला नाही."

फोन ठेवल्यावर मी ठरवलं, संध्याकाळी अर्पिता आली की टोपली तिच्या हातात द्यायची आणि उद्या बबलूकडे जायचं. यात कोणाचं चुकत नव्हतं. पांढऱ्यालाही कोणीतरी लागणारच होतं. टोपलीत घालायचं जुनं लुगडं धुऊन वाळत घातलं होतं, ते घडी करून आणून ठेवलं.

चतुर्थी उद्यावर आली होती. गल्लीतल्या बायका दूर्वांच्या जुड्या माझ्याकडूनच नेतात. ऊन उतरल्यावर मी न्हाणीमागच्या ओलीतल्या दूर्वा खुडून आणल्या, धुतल्या, आणि देवघरापुढं निवडायला बसले. खोली लहान. देवाकडे तोंड करायचं म्हणजे कोठीकडे पाठ होते. धुतलेल्या दूर्वांचं सूप मागच्या अंगाला ठेवलं होतं, लागतील तशा हात मागं करून उचलत होते. पुटपुटत नाम चाललं होतं. डोक्यात दुसरं काही नव्हतं, पोटात तर नव्हतंच.

मागं बारीक आवाज आला. करकर, थोडं थांबून परत करकर.

मी वळणार होते. मान अर्धी फिरलीही होती. आवाज थांबला, आणि माझी मान तिथंच थांबली.

ह्यांना झटका आला तेव्हा तोंडाची एक बाजू लुळी पडली होती. भात ओघळायचा. मी भरवायला गेले की मान फिरवायचे, ओठ मिटून घ्यायचे. चिडले, असं मला आधी वाटायचं. मग एकदा ताट पुढ्यात ठेवलं, आणि दूध उतू जातंय म्हणून मी धावले, तर मागून चमच्याचा आवाज आला. तेव्हापासून मी ताट ठेवून चुलीकडे तोंड करून बसायची. भाजी निवडायची, नाहीतर नुसतीच. चमचा वाजायचा थांबला की थोडं थांबून उठायची, काही न बोलता ताट उचलायची. तोंड पुसायचा पंचा त्यांच्याच हाताशी ठेवायची. आम्ही दोघंही त्याविषयी कधी बोललो नाही.

मी मान सरळ केली. नाम पुढं चालू ठेवलं, आधीच्याच आवाजात.

मागं परत करकर सुरू झालं. देवाच्या दूर्वा उष्ट्या होत होत्या. होऊ देत, गणपतीला सकाळी नव्या खुडीन. त्याला काही त्या एकट्या सुपातल्याच लागत नाहीत.

पण नेम हाताचा होता. सुपातून खाल्लेलं मला धरता येत नव्हतं. मी सुपातली एक काडी चिमटीत उचलली आणि हात मागंच ठेवला, तळवा वर, बोटं जमिनीला टेकलेली. डोळे समईवर. हात अवघडला. खांद्यातून कळ आली. सुपातल्या दूर्वा संपल्या असाव्यात, कारण मागं शांत झालं, इतकं शांत की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. आता तो कोठीमागं गेला असेल, असं मी मनाशी म्हटलं.

तेवढ्यात काडीला ओढ लागली. जराशीच. मी सोडली नाही, त्यानं परत ओढली, नेटानं. मग बोटाशी काहीतरी ओलं, थंड टेकलं आणि गेलं.

मागून करकर येत राहिली.

मी न वळता, बसल्या बसल्याच पुढं सरकले आणि ओट्याखाली झाकलेलं ताट ओढून घेतलं. झाकण उचलताना भांड्याला भांडं लागू दिलं नाही. वरण थिजलं होतं, पोळी वातड झाली होती. देवाला हात जोडले आणि पहिला घास घेतला.

फोन वाजायला लागला. अर्पिता असेल, येते म्हणून सांगत असेल, नाहीतर निखिल. मी तो मांडीखाली दाबून धरला, घरघर थांबेपर्यंत. नंतर सांगेन दोघांनाही. बबलूलाही कळवायला हवं, वाट बघायला नको लावायला.

बाहेर गल्लीत रिक्षा गेल्या. घरात अंधार उतरत होता, पण दिव्याचं बटण त्याच्या बाजूच्या भिंतीला होतं. म्हणून मी समईच्या उजेडात तशीच बसून राहिले, त्याच्याकडे पाठ करून, आणि घास अगदी हळू चावत होते, आवाज होऊ नये म्हणून.