सलग रेघ, तुटक रेघ

मित्रांनो, मी एक फळा आहे. पण माझ्यावर कधी कुणी पाढे लिहिले नाहीत की सुविचार लिहिला नाही. ओहायोतल्या हार्लन फेरी गावच्या हायस्कूलमध्ये, अमेरिकन फुटबॉलची, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या नि फेकायच्या खेळाची पोरं जिथे कपडे बदलतात त्या खोलीच्या भिंतीवर माझा मुक्काम आहे. माझ्यावर गोल आणि फुल्या काढतात. गोल म्हणजे आमची राखण करणारी पोरं, फुल्या म्हणजे समोरचे. एवढ्या वर्षांत मी शेकडो डाव पाठ केले, पण वेळ आली तेव्हा तोंडातून एक शब्द काढता आला नाही. फळ्याला तोंडच नसतं.

मी आलो तेव्हा माझा रंग असा दाट काळा होता की खडू टेकताच रेघ उमटायची. कोच एमिल स्टॅनकोविच यांचं माझ्यावाचून पानही हलत नसे. त्याला कारण होतं. पहिल्या अर्ध्या खेळात ते पंचांवर, पोरांवर, चक्क वाऱ्यावरही इतके ओरडायचे की मध्यंतराला त्यांच्या घशातून नुसती हवा निघायची. मग पुढचा सगळा खेळ माझ्यावरून चालायचा. सलग बाण म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर, म्हणजे क्वार्टरबॅकवर, खरंच तुटून पड. याला ब्लिट्झ म्हणतात. तुटक बाण म्हणजे तुटून पडण्याचं नुसतं सोंग कर आणि मागे फिरून राखणीला उभा राहा.

एके वर्षी माझ्यावर काढलेल्या डावाने आम्ही अजिंक्यपद जिंकलो. पोरांनी माझे मुके घेतले, वर्तमानपत्रात माझा फोटो आला. खोटं कशाला बोलू, मी फुगून गेलो होतो. आणि त्याच दिवसापासून माझे वाईट दिवस सुरू झाले.

शाळेची देखभाल करणारे मिस्टर लुबिक दर उन्हाळ्यात रंगाचा डबा घेऊन यायचे.

"कोच, मधला भाग पार गुळगुळीत झालाय. दोन हात मारून टाकतो."

"हात लावून तर बघ, लुबिक! याच रंगावर जिंकलोय आपण. नशीब पुसून टाकायचंय का तुला?"

"नशीब राहू द्या हो, खडू घसरतोय तिथे."

"मग खडू बदल!"

आमचा मधला राखणदार दरवेळी माझ्यावर त्याच एका जागी काढला जायचा आणि तिथूनच पुसला जायचा. हजारो वेळा पुसून ती जागा काचेसारखी झाली होती. लुबिक निवृत्त झाले आणि मग रंगाचं नाव काढणारंही कुणी उरलं नाही.

आता वेंडेल होल्मबद्दल सांगतो. सगळ्यांच्या मागे, अगदी शेवटी राखण करणारा हा शांत मुलगा. गेल्या वर्षी कोल्टन रिजविरुद्धच्या सामन्यात चेंडू त्याच्या डोक्यावरून थेट त्यांच्या गड्याच्या हातात गेला आणि आम्ही हरलो. असं झालं की आमच्याकडे म्हणतात, पोरगा करपला. सोमवारी त्याच्या कपाटावर कुणीतरी दोरीने काळाकुट्ट टोस्ट टांगला. तेव्हापासून त्याचं नावच टोस्ट पडलं. नाक्यावरच्या खाणावळीतली बाईसुद्धा त्याला म्हणायची, "अंडी देते रे, टोस्ट तर तू घरूनच आणला असशील!"

यंदा पुन्हा कोल्टन रिज, आणि वेंडेलचा शाळेतला शेवटचा सामना.

"गस, आज हे नाव पुसूनच जाणार मी," बूट बांधता बांधता तो म्हणाला. "नाहीतर म्हातारा झालो तरी टोस्टच राहीन."

"म्हातारा? अरे, हे गाव तुझ्या थडग्यावरही टोस्टच कोरेल," गस रिटर हसला. गस म्हणजे आमचा मधला राखणदार, वेंडेलचा जिवलग.

समोरचा क्वार्टरबॅक थेरन पाइक चार वर्षं तीच जागा सांभाळत होता. त्याला चांगली जाड मिशीही होती. गुरुवारीच कोचनी बजावलं होतं, "नवख्यावर धावून गेलात की तो घाबरून चेंडू सांडतो. हा पक्का मुरलेला आहे. आपला माणूस जिथून सुटतो तिथे जागा मोकळी पडते, हे त्याला ठाऊक आहे. आपण कधी येतो याचीच तो वाट बघतो. म्हणून पोरांनो, सोंग करायचं आणि आपली जागा धरून बसायचं."

"सगळा सामना सोंगच, कोच?"

"एकदाच खरं जायचं. अगदी शेवटी. मी टोपी काढीन तेव्हा."

शनिवारी दुपारी मध्यंतराला आम्ही तीन गुणांनी पुढे होतो. सोंगांनी पाइक गोंधळला होता. कोचचा आवाज ठरल्याप्रमाणे गेला होता. बाहेर बँड ढणढणत होता. कोचनी शेवटचा डाव माझ्यावर भराभर काढला. सगळे बाण सलग. गसचा बाणही त्यांनी सलगच ओढला, पण तो निघाला माझ्या त्या गुळगुळीत जागेवरून. खडू घसरला, उमटला, पुन्हा घसरला. रेघ तुटक दिसू लागली. कोच तोवर वळून वेंडेलच्या कानाशी गेले होते.

"त्यांचा वेगवान गडी तू एकट्याने अडवायचा," ते कुजबुजले. "फक्त दोनपर्यंत मोज. तेवढ्यात गस पाइकच्या छातीवर असेल."

गस माझ्याकडे बघत होता. "म्हणजे मी सोंग करून मागे यायचं," तो स्वतःशीच पुटपुटला आणि मान डोलावली.

मित्रांनो, माझा जीव कासावीस झाला. पण करणार काय? आमच्यात रीत आहे, मैदानाकडे शेवटी निघेल त्याने फळा पुसायचा, म्हणजे परक्याच्या नजरेला डाव पडत नाही. त्या दिवशी शेवटी निघाला वेंडेल. त्याने आपल्या हाताने मला स्वच्छ पुसलं.

पुढचं मी काही भिंतीपलीकडून ऐकलं, काही नंतर पोरांच्या बोलण्यातून. आधी शांतता, मग पाहुण्यांच्या बाजूने उठलेला विजयाचा जल्लोष. टोपी निघाली, सगळे सुटले, गस मात्र मधूनच मागे फिरला. पाइकला निवांत वेळ मिळाला. वेंडेलने दोन मोजले, चार मोजले, पाच मोजले, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला.

"तू गेला का नाहीस?" कोचनी घोगऱ्या आवाजात गसला विचारलं.

"माझा बाण तुटक होता, कोच."

"सलग होता! या हाताने काढलाय मी!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोरा होतो.

गसची मान खाली गेली. "मग माझंच बघण्यात चुकलं असेल."

"त्याला नका बोलू, कोच," वेंडेल म्हणाला. "चेंडू माझ्या डोक्यावरून गेलाय, सगळ्या गावाने बघितलंय."

सोमवारी त्याच्या कपाटावर दोन टोस्ट होते. ते त्याने मुकाट्याने सोडवले, कचऱ्यात टाकले आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्याने खडू घेतला आणि तो डाव पुन्हा मांडला. सगळे गोल, सगळ्या फुल्या. गसचा बाण ओढताना रेघ तशीच तुटली, त्याच्या डोळ्यांदेखत तुटली. पण तो बघत होता कोपऱ्यातल्या स्वतःच्या गोलाकडे.

"कुठे चुकलो मी?" असं त्याने मलाच विचारलं. वेंडेल, तिकडे बघू नकोस रे, मधे बघ, असं मी कळवळून म्हणत होतो. त्याने तो गोल पुन्हा पुन्हा गिरवला, खडू मोडेपर्यंत गिरवला, आणि निघून गेला.

मित्रांनो, तुमच्याकडे जुन्या वस्तू असतील तर नशिबाच्या नावाखाली त्यांना तसंच झिजू देऊ नका, वेळेवर रंगाचा हात फिरवा. आम्ही कुठे झिजलो ते आम्हाला सांगता येत नाही, आणि आमचा दोष भलत्याच पोराच्या कपाळी येतो.