खाट ओली आहे

"वहिनी, दार उघडा! आई कळवळतेय इथे."

नणंदेनं काचेवर थाप मारली. आतून कडी लावून मावशी खाटेचा कठडा ब्लीचच्या पाण्यानं भिजवत होती. साफसफाई करणारी म्हणून ती साऱ्या वॉर्डाची मावशी. बाहेर स्ट्रेचरवर खुबा मोडून पडलेल्या म्हातारीची मात्र थोरली सून.

"खाट ओली आहे अजून."

"मग पुसून टाका की फडक्यानं!"

"पुसली तर केलेलं सगळं वाया."

सकाळपर्यंत या खाटेवर जुलाबाचा रोगी होता. त्याचे जंतू भलते चिवट. अंगाभोवती कवच करून महिनोन्‌महिने कठड्याला, बटणाला, नळाला चिकटून बसतात. स्पिरिटचा बोळा फिरवला, तर त्यांना आंघोळ घातल्याचं पुण्य तेवढं पदरात पडतं. ते मरतात ब्लीचनं, आणि तेही त्यात भिजत ठेवले तरच. मागे घाईघाईत दिलेल्या खाटेवर एक मास्तर मोडका पाय घेऊन आले. पाय जुळत आला आणि मास्तर जुलाबांनी गेले. तेव्हापासून मावशी या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नव्हती.

सिस्टर आल्या. "मावशी, दुसरी खोली रिकामी नाही हो. घरचं माणूस आहे, आटपा की लवकर."

"परक्यांसाठी घाई केली नाही, सिस्टर. घरच्यांसाठी करू?"

नणंद भडकली. "उट्टं काढताय तुम्ही! आईनं तुम्हाला कधी स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही, त्याचं!"

मावशीच्या ते जिव्हारी लागलं. कारण येऊ दिलं नव्हतं, हे खरंच होतं. हाताला हॉस्पिटलचा वास येतो म्हणून तिच्या हातचं पाणीसुद्धा म्हातारीला चालत नसे.

ती काचेपाशी आली. "नाही येऊ दिलं. आणि मी इथे त्यांना मरू देणार नाही. जा, कुठे करायची ती तक्रार करा!"

नणंदेनं दाराला खांदा लावला. तोच स्ट्रेचरवरून चिरका आवाज आला.

"हो बाजूला. तिचं झालं की ती उघडेल."

मावशीनं मागे वळून खाटेकडे पाहिलं. कठड्याचं एक टोक वेळेआधीच वाळत आलं होतं. तिनं फडकं बुडवलं आणि ते पुन्हा ओलं केलं.

बाहेर म्हातारी कण्हत राहिली, पण तिनं कुणालाही हाक मारली नाही.