सत्त्याऐंशी नंबरची किल्ली

निवासी शाळा बंद झाली तेव्हा मुलं गेली, मास्तर गेले आणि स्वयंपाकघर थंडावल्यावर उंदीरही गेले. उरले फक्त फाटकावरचं कुत्रं आणि जुडगाकाका. हे नाव पोरांनी ठेवलेलं. एकतीस वर्षं कमरेला किल्ल्यांचा जुडगा लटकवून हिंडणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? ते असे खुळखुळत यायचे, की पोहोचेपर्यंत पत्ते उशीखाली आणि पोरं अभ्यासात गढलेली.

ताबा घ्यायला नव्या मालकाची तरुण इंजिनिअर बाई यादी घेऊन आली. नियम साधा होता. प्रत्येक किल्ली दोघांसमोर आपापल्या कुलपात फिरली पाहिजे, मग यादीत खूण. दोनशे बारा खुणा झाल्या की ताबा पूर्ण, आणि त्याच दिवशी काकांनी फाटकाजवळची खोली सोडून धाकट्या बहिणीकडे जायचं.

"दादा, तुझी खोली झाडून ठेवलीय," बहीण फोनवर म्हणाली. "त्यात शिलाई मशीन आहे, सायकल आहे, ह्यांचं व्यायामाचं यंत्र आहे. पण तू बारीकच आहेस."

नऊ दिवसांत दोनशे अकरा किल्ल्या फिरल्या. उरली सत्त्याऐंशी. यादी म्हणत होती, पश्चिमेचा व्हरांडा, शेवटचं दार. व्हरांड्याच्या शेवटी भिंत होती. चांगली गिलावा केलेली, वर जगाचा नकाशा.

"काका, इथे दार नाही."

"नाही."

"मग किल्ली कशाला आहे?"

"दार नाही हे आता तिला कोण सांगणार?"

मग दोघांनी ती किल्ली दिसेल त्या भोकात घालून पाहिली. पियानोचं झाकण, घड्याळाचं कपाट, व्यायामशाळेतली पेटी. प्रयोगशाळेतल्या सांगाड्याच्या कपाटाला कुलूपच नव्हतं. तो जाणार कुठे? किल्ली फिरली नाही की काकांना खोलीत आणखी एक दिवस मिळायचा. आनंद व्हायला हवा होता. पण दात उपटल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं बायको गेल्यापासून त्यांचं सगळंच झालं होतं. ते चहा करत, पीत, कप विसळत.

चौदाव्या दिवशी शाळेचा जुना सुतार खिडक्यांची मापं घ्यायला आला. हकीकत ऐकून तो पोट धरून हसला.

"अरे जुडग्या, ते दार मीच काढलं की! तू लग्न करायला गावी गेलास, तेव्हा तुझ्या खोलीला गोणपाट होतं गोणपाट. मुख्याध्यापक म्हणाले, नवी नवरी काय गोणपाटाआड राहणार? पश्चिमेचं दार काढ, तिथे लाव."

"म्हणजे माझ्या दाराला कुलूप आहे?"

"रोज उघडतोस ना रे?"

"उघडतो. कुलूप लावायची वेळच आली नाही."

खरंच होतं. घरात कायम ती असायची. तिला शेवटचं नेलं त्या दिवशीही काकांनी दार नुसतं लोटून घेतलं होतं.

"बाईला बोलू नकोस," सुतार म्हणाला. "दार सापडेपर्यंत राहा निवांत. मी मुका."

काका दोन दिवस निवांत राहिले. चहा झाला, कप विसळले. पण यादीतला तो एक रिकामा चौकोन डोळ्यांसमोरून हलेना. घर जातं त्याचं काही वाटेना, चौकोनाचं मात्र वाटत होतं. तिसऱ्या सकाळी ते अनवाणीच ऑफिसात गेले.

"मॅडम, सापडलं."

दोघं खोलीपुढे उभे राहिले. काकांनी दार बाहेरून ओढून घेतलं, किल्ली फिरवली. कालच तेल दिल्यासारखी फिरली. बाईने खूण केली, सही घेतली, जुडगा पिशवीत टाकला.

"ताबा पूर्ण. तुमचं सामान कुठंय, काका?"

"आत."

"अहो, मग उघडा ना!"

"किल्ली तुमच्याकडे आहे."

बाईने पिशवीत हात घातला, मग थांबून यादीची मागची बाजू वाचली. चेहरा पडला.

"ताब्यानंतर दार उघडायचं तर अर्ज लागतो. आठवड्यात उत्तर येतं. सॉरी, काका."

"असू दे. पेन द्या."

पायरीवर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी अर्ज लिहिला. 'दार उघडण्याचे कारण' इथे बराच वेळ थांबले. मग लिहिलं, 'चपला'.

फाटकाशी शाळेचं कुत्रं झोपलं होतं. काका त्याच्या शेजारून गेले. खुळखुळ झाली नाही, म्हणून ते उठलं नाही.