मरिंडेलचा बांध आणि नोरीनची बरणी

मी एक जुना मातीचा बांध आहे, मित्रांनो. वय ब्याण्णव. उंची अकरा मीटर. मरिंडेल गावाच्या वर दोन टेकड्यांच्या मध्ये मी आडवा पडून आहे. माझ्या एका अंगाला गावाचं पिण्याचं पाणी आहे. दुसऱ्या अंगाला, खाली, गाव आहे: चौसष्ट घरं, शाळा, बेकरी आणि गवतावर चेंडू घरंगळवत खेळणाऱ्या बोलिंग क्लबचं हिरवंगार मैदान. नळ वगळता या दोघांची भेट होऊ द्यायची नाही, एवढंच माझं काम.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. मरिंडेलची माणसं प्रेमळ आहेत आणि मूर्ख आहेत. त्यांचा सगळा मूर्खपणा एका शब्दातून आला. 'धरण' म्हटलं की त्यांना फक्त पाणी दिसतं. धरणात पोहून आलो, म्हणतात. धरण आटलं, म्हणतात. अरे, मी कुठे आटलो? मी होतो तिथेच आहे. पण बेकरीच्या दारात रोज सकाळी हेच चालायचं.

"धरण कसं आहे?"

"भरलंय."

"मग झालं."

गाय कशी आहे म्हणून विचारावं आणि बादलीत बघून उत्तर द्यावं, तशी माझी विचारपूस.

मला बांधलं तेव्हा इथे यंत्रं नव्हती. घोड्यांनी लोखंडी सुपं ओढून माती आणली. माझ्या पोटात पिवळ्या चिकणमातीचा गाभा भरला. तो दाबायला रोलर नव्हता, म्हणून किडल नावाच्या मेंढपाळाने आपल्या आठशे मेंढ्या आणल्या. ओल्या मातीचा एक थर टाकायचा आणि मेंढ्यांना त्यावरून इकडून तिकडे हाकायचं. मग दुसरा थर. दहा आठवडे हे चाललं. माझा गाभा मेंढ्यांच्या खुरांनी तुडवलेला आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

पुढे तीन वर्षं दुष्काळ पडला. आसपासच्या गावांना रेल्वेने पाणी यायचं, मरिंडेल माझं प्यायलं. तेव्हा गावाने माझ्यावर प्रेम करायचं ठरवलं, आणि तिथेच घात झाला.

त्यांनी माझ्या पाठीवर झाडं लावली. गावात मूल जन्मलं की बांधाच्या उतारावर एक निलगिरीचं झाड, खाली नावाची पितळी पट्टी. एकशे बारा झाडं झाली. त्यांच्या सावलीत लग्नाचे फोटो निघाले. मला सगळ्यांची नावं पाठ होती. पण झाडाला पाणी लागतं, मित्रांनो, आणि पाणी माझ्या पलीकडे होतं. मुळं माझ्या पोटात शिरली. मूळ जिवंत असतं तोवर निदान जागा भरून असतं. झाड मेलं की मूळ कुजतं, आणि मागे राहते पोकळ नळी.

हे कळणारा गावात एकच माणूस होता. डेस हॅलोरन, पाणीपुरवठ्याकडे कामाला. दर सोमवारी तो माझ्या कोरड्या बाजूने खाली उतरायचा. मातीचा बांध थोडा पाझरतोच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पायथ्याच्या नळीतून तो पाझर निघतो. डेस तिथे जॅमची रिकामी बरणी भरायचा आणि उन्हात धरून बघायचा. त्याच्या हाताखाली नोरीन ट्रेथवी आली. जवळच्याच मळ्यातली मुलगी, जिभेला धार.

"पाण्यात काय बघतोस एवढं?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"पाणी नाही बघत. बांध बाहेर येतोय का ते बघतो. नितळ असलं तर नुसतं पाणी येतंय. गढूळ झालं तर पाणी बांधाला घेऊन निघालंय."

"आणि निघालंच तर पळायचं?"

"आधी झडप उघडून पाणी खाली आणायचं. मग पळायचं."

डेस गेला. पुढे एकतीस वर्षं बरणी नोरीनकडे होती. लोक टिंगल करायचे. "नोरीन, आज मुरंबा कसला?" ती म्हणायची, "तुझ्या तोंडासारखा. आंबट." पण एकही सोमवार तिने चुकवला नाही. आईने मुलाच्या कपाळाला हात लावून ताप बघावा, तसं ती मला बघायची.

मग तो जुलै आला. तीन आठवडे पाऊस थांबला नाही. मी काठोकाठ भरलो, सांडवा वाहू लागला. सगळं गाव थर्मास घेऊन वर आलं आणि माझ्या माथ्यावर उभं राहून पाण्याचं कौतुक करू लागलं. कोरड्या बाजूकडे सगळ्यांची पाठ. तिथे खाली एकटी नोरीन उभी होती. दोन उन्हाळ्यांपूर्वी मेलेल्या एका झाडाखाली तिचे बूट चिखलात रुतले होते. तिथे नवीनच पाणी फुटलं होतं. त्याने तिने बरणी भरली. पाणी गढूळ होतं.

ती ओरडली नाही. आधी शाळेत गेली आणि मुलांना टेकडीवरच्या चर्चमध्ये पाठवलं. मग खालच्या घरांची दारं ठोठावली. मग बोलिंग क्लबमध्ये गेली, जिथे गावसभा बसली होती. अध्यक्ष रॉस किडल, त्या मेंढपाळाचा नातू. क्लबचा अध्यक्षही तोच. नोरीनने बरणी त्याच्या पुढ्यात टेबलावर ठेवली.

"रॉस, झडप उघडायला परवानगी दे. चार मीटर पाणी सोडायचंय."

"चार मीटर? म्हणजे सगळा उन्हाळाच गेला की. नोरीन, धरण इतकं ठणठणीत मी आयुष्यात बघितलं नव्हतं."

"तू पाणी बघितलंस."

"मग धरणात दुसरं काय बघायचं असतं?"

सभा हसली. मागून कोणीतरी म्हणालं, "चहात दूध जास्त पडलंय तिच्या."

"पावसात पाणी गढूळ होणारच," रॉस म्हणाला. "आणि उद्या म्हणशील झाडं तोडा."

"उद्या नाही, आजच म्हणते. मुळासकट."

"माझ्या पोरीचं झाड आहे तिथे. लंडनहून फोन करते तेव्हा आधी झाडाची चौकशी करते, मग माझी."

"पोरगी शहाणी आहे."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही करत. तिचं झाड जिवंत आहे. जे मेलंय, ज्याच्या मुळाशी पाणी फुटलंय, त्याच्या पट्टीवर नाव कोणाचं आहे ते बघितलंस?"

रॉसने नकारार्थी मान हलवली.

"माझं आहे. मी झाले तेव्हा माझ्या बापाने लावलं. सगळ्यात आधी तेच निघेल."

तरी वाद थांबेना. पाऊण तास गेला. कोणी बागांचं बोललं, कोणी क्लबच्या हिरवळीचं. त्या पाऊण तासात बरणीकडे कोणी बघितलं नाही. नोरीनने शेवटी ती अलगद उचलली आणि वरचं पाणी रॉसच्या पेल्यात ओतलं. ते बऱ्यापैकी निवळलं होतं.

"हे तुझं पाणी," ती म्हणाली. मग तिने बरणी वाकडी करून त्याच्यापुढे धरली. तळाशी नखाएवढ्या जाडीचा पिवळा थर बसला होता. "आणि हे धरण."

मित्रांनो, तो थर म्हणजे मी होतो.

रॉसने बरणीत बोट घातलं आणि माती बोटांत चोळून बघितली. अशी पिवळी चिकणमाती त्या भागात एकाच ठिकाणी आहे.

"ही आजोबांच्या मेंढ्यांनी तुडवलेली."

"हो. एका बरणीत एवढी आली. पायथ्याच्या ओढ्यातून किती वाहून गेली, ते तूच बघ."

तो उठला. "झडप गंजली असेल."

"दर महिन्याला फिरवते मी ती. तू फक्त बरोबर चल."

झडप उघडली. पाणी उतरायला अकरा दिवस लागले. त्यातल्या दुसऱ्याच दिवशी, रस्ते मोकळे झाल्यावर, शहरातून ईव्ह त्रान नावाची अभियंता आली. ती पाण्याकडे न बघता थेट कोरड्या बाजूने खाली उतरली, तेव्हाच मला ती आवडली. दोन उन्हाळे काम चाललं. एकशे बारा झाडं मुळासकट निघाली. खड्ड्यांत चिकणमाती ठोकून भरली. कोरड्या बाजूला वाळूचा जाड थर घातला, म्हणजे पाणी निघेल आणि माती आत राहील. माझी पाठ उघडी झाली. खोटं कशाला बोलू, मी रडलो असतो तर ते पाझर समजले असते. ज्याचं झाड त्याने त्याच्या लाकडाची फळी घरी नेली. रॉसची मुलगी लंडनहून आली आणि तिने पलीकडच्या टेकडीवर नवीन रोप लावलं. तिच्या मागोमाग सगळ्या गावाने लावली. क्लबची हिरवळ त्या उन्हाळ्यात बिस्किटासारखी वाळली. रॉस तिच्यावरही खेळला आणि हरला.

आता माझ्या पाठीवर आखूड गवत आहे आणि ते आखूड ठेवायला किडलच्या मेंढ्या चरतात. गवत आखूड असलं की ओल लपत नाही. मला तुडवून घडवलं त्याच मेंढ्यांची ही नातवंडं-पतवंडं. बेकरीच्या दारातला प्रश्नही बदलला.

"बरणी कशी आहे?"

"नितळ."

"मग झालं."

नोरीनचे गुडघे आता दुखतात. काठी टेकत खाली उतरते, थांबते, पुन्हा उतरते. तिच्यानंतर कोण उतरणार हे गावाने अजून ठरवलेलं नाही, आणि त्याचा मला राग आहे. माझ्यावर एकशे बारा झाडं लावायला सगळं गाव पुढे आलं. बरणी भरायला एक माणूस मिळत नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावाच्या वर कुठेतरी माझ्यासारखा एखादा पडून असेल. त्याचे फोटो काढू नका. त्याच्या माथ्यावर जा, पाण्याकडे पाठ करा आणि कोरड्या बाजूने सावकाश खाली उतरा. पायाखाली काय लागतं ते बघा. आणि जाताना एक रिकामी बरणी न्यायला विसरू नका. झाकण नसलं तरी चालेल.